दिएगोच्या फ्रिजचं नाव रोक्को

सिनेमा सरकारी संस्थेनं काढलेला आहे हे मला तो संपल्यावर कळलं, आणि माझा खरा गोंधळ तिथून सुरू झाला.

तोपर्यंत मी तशी निर्धास्त होते. भाची एका फिल्म क्लबाचं काम बघते. "मावशी, या वेळी कम्युनिस्ट राजवटीतल्या समलिंगी माणसांवरचे सिनेमे दाखवतोय. दुपारी लोळत पडतेस त्यापेक्षा ये," म्हणाली. जन्मभर हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झालेली मी. सिनेमा बघायचा तर मराठी-हिंदी, तोही टीव्हीवर, भाजी निवडता निवडता. विषय ऐकून एवढंच वाटलं की हे जिवावर उदार होऊन चोरून काढलेले सिनेमे असणार. रात्री कुणाच्या तरी माडीवर शूटिंग, रीळ सुटकेसच्या तळाशी घालून देशाबाहेर, आणि मग दिग्दर्शक तुरुंगात. असं काहीतरी.

माझं माहेर सोलापूरचं, गिरणीवाल्यांचं. वडील, म्हणजे अण्णा, लाल बावट्याचे. घरात देव्हारा आईचा आणि भिंतीवरचा लेनिन अण्णांचा, अशी वाटणी होती. 'सोव्हिएत देश' नियतकालिक यायचं, त्याच्या गुळगुळीत रंगीत पानांची कव्हरं आम्ही वह्यांना घालायचो. माझ्या भूगोलाच्या वहीवर कायम ट्रॅक्टर चालवणारी एखादी हसरी बाई असे. त्या पानांतल्या देशांमध्ये सगळ्यांना घर होतं, काम होतं, पोरांना पाळणाघर होतं. कुणी 'तसलं' असल्याचं मात्र त्यात कधी दिसलं नाही. भाचीनं अण्णांच्या बरोबरच्या दामूकाकांनाही बोलावलं होतं. ते आता मुलाकडे पुण्यात असतात. ते आले ते क्यूबाचं नाव ऐकून. विषय त्यांना कुणी सांगितला नव्हता, किंवा सांगितला असेल तर ऐकू गेला नव्हता.

तर पहिला सिनेमा 'स्ट्रॉबेरी आणि चॉकलेट', क्यूबा, १९९३. दिग्दर्शक दोघे, तोमास गुतिएर्रेस आलेआ आणि हुआन कार्लोस ताबिओ. आलेआला कॅन्सर झालेला होता, म्हणून ताबिओ हाताशी. गोष्ट सेनेल पास या लेखकाच्या कथेवरची, १९७९ सालातली.

हवानात कोपेलिया नावाचं प्रचंड आईस्क्रीम पार्लर आहे. तेही सरकारी, १९६६ साली उघडलेलं. क्रांतीनं सामान्य माणसाला स्वस्तात चांगलं आईस्क्रीम दिलं, ही तिथली एक अभिमानाची गोष्ट. तिथे दाविद नावाचा विद्यार्थी एकटा बसून चॉकलेट आईस्क्रीम खातोय. शेतकऱ्याचं पोर, क्रांती झाली म्हणून विद्यापीठात पोचलेला, कम्युनिस्ट युवक संघटनेचा सभासद. प्रेयसीनं नुकतंच दुसऱ्याशी लग्न केलेलं. समोर दिएगो येऊन बसतो. त्याच्या हातात स्ट्रॉबेरी. चमच्यानं एक फळ उचलून तो असं काही कौतुक करतो की दाविद खुर्ची मागे सरकवतो. चॉकलेट असताना पुरुषमाणूस स्ट्रॉबेरी घेतो म्हणजे काय ते समजायचं. मला नाही समजलं. माझ्या ओळीतली पोरं हसली, तेव्हा मी भाचीकडे बघितलं. ती म्हणाली, "बघ पुढे."

पुढची वीसेक मिनिटं मी पुरती बुचकळ्यात होते. दिएगो दाविदला पुस्तकांचं आमिष दाखवून घरी नेतो. कॉफी मुद्दाम त्याच्या शर्टावर सांडतो, शर्ट काढायला लावतो, धुतो आणि गॅलरीत वाळत घालतो, कारण मित्राशी त्यानं तशी पैज लावलेली असते. मला वाटलं, हा खलनायक. साधंभोळं पोर फसवणारा. आपल्याकडच्या सिनेमात असा माणूस दिसला की तो एक तर हसण्यापुरता असतो किंवा वाईट असतो, त्यामुळे डोळ्यांना तशीच सवय. दाविद तिथून पळतो आणि होस्टेलवरच्या मिगेलला सगळं सांगतो. मिगेल संघटनेतला कडवा. तो म्हणतो, पुन्हा जा, मैत्री कर, परदेशी वकिलातीशी त्याचे काय संबंध आहेत ते काढ. म्हणजे हेरगिरी. दाविद जातो. इथे मी चष्मा पुसून नीट बसले, कारण आता कोण खलनायक ते मला कळेना.

दिएगोच्या घराबद्दल लिहायलाच हवं. जुन्या हवानाच्या पडक्या हवेलीत, मोडकळीला आलेल्या जिन्यावरून वर गेलं की त्याची खोली. तिला तो गुहा म्हणतो. भिंतीवर क्यूबाची माता मेरी, होसे मार्ती, पुस्तकं, मूर्ती, मारिया कालासच्या रेकॉर्डी. स्कॉच व्हिस्की ओतताना 'शत्रूचं पेय' म्हणून हसणं. आणि एक जुना, खडखडणारा फ्रिज, त्याचं नाव रोक्को. त्याच्याशी दिएगो बोलतो, त्याला थोपटतो. हे नाव विस्कोंतीच्या इटालियन सिनेमावरून, हे मला नंतर सांगण्यात आलं. बघताना मला फक्त एवढं दिसलं की एकट्या माणसाच्या घरात फ्रिजलासुद्धा नाव आहे. मी स्वतः एकटी राहते. तिथून दिएगो मला आवडायला लागला, आणि मग काही इलाज राहिला नाही.

मग तो दाविदला शिकवायला लागतो. काय वाचावं, काय ऐकावं, आपल्या शहरात कुठली इमारत कोणत्या शैलीची आहे आणि ती कशी ढासळते आहे. लेसामा लिमा या कवीच्या कादंबरीतली मेजवानी तो घरी जशीच्या तशी रचतो, एकेका पदार्थानिशी. हा लेसामा कोण ते मला ठाऊक नव्हतं. १९६६ साली त्याची 'पारादिसो' कादंबरी आली, तिच्यातल्या समलिंगी प्रसंगांवरून गहजब झाला, आणि १९७६ साली तो गेला तेव्हा बाजूला पडलेलाच होता. हवानाच्या थिएटरात बसलेल्यांना ते सगळं न सांगता ठाऊक असणार. सरकारी सिनेमानं सरकारनंच बाजूला टाकलेल्या लेखकाला मानानं पानावर बसवलं होतं. माझ्या डोक्यावरून गेलेली ही सगळ्यात मोठी गोष्ट.

शिक्षिका म्हणून मला अडलं ते दुसरीकडे. दिएगो सांगतो की तो चौदा वर्षांचा असताना साक्षरता मोहिमेत गेला होता, आपणहून. १९६१ ची ती मोहीम. एक लाखाच्या आसपास पोरं-पोरी कंदील आणि पुस्तकं घेऊन डोंगरात गेली आणि एका वर्षात सात लाखांवर माणसं लिहायला-वाचायला शिकली. अण्णा ही गोष्ट आम्हाला रामायणासारखी सांगत. त्या मोहिमेतला मुलगा म्हणजे हा दिएगो! त्याला शिक्षक व्हायचं होतं. त्याला देश सोडायचा नाहीये, क्रांती नको आहे असंही नाही. त्याचं म्हणणं इतकंच की मी आहे तसा यात मावलो पाहिजे. आणि त्याला उत्तर मिळतं ते नाही असं. मित्राच्या शिल्पांचं प्रदर्शन अडवलं जातं, हा चिडून पत्र लिहितो, मग नोकरीचे दरवाजे बंद, आणि शेवटी देश सोडणं. जाण्याआधी दोघे पुन्हा कोपेलियात जातात. शेवटी दाविद त्याला मिठी मारतो. घट्ट. संपला सिनेमा.

दिवे लागल्यावर दामूकाका म्हणाले, "तो मिगेल माझ्या युनियनमध्ये असता तर मी त्याला हाकलला असता."

"आणि दिएगोला?" भाचीनं विचारलं.

"त्याला कशाला हाकलायचं?"

"ठेवला असतात?"

काका म्हणाले, "चहा कुठे आहे तुमचा?"

चहा पिताना भाचीनं ते सरकारी प्रकरण सांगितलं. निर्माती संस्था आयकाइक, क्यूबाची सरकारी चित्रपटसंस्था. क्रांती जानेवारी १९५९ ची, आणि संस्थेचा कायदा त्याच मार्चमधला. आलेआ तिच्या पहिल्या लोकांपैकी एक. १९९३ साली सोव्हिएत मदत आटून क्यूबात वीज नव्हती, खायची मारामार होती, तेव्हा मेक्सिको आणि स्पेनचे पैसेही सोबत घेतले गेले. पण सिनेमा तिथल्याच व्यवस्थेचा, तिथेच दाखवलेला, डिसेंबरच्या हवाना महोत्सवात गाजलेला. पुढे ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. क्यूबाच्या सिनेमाला असा मान पहिल्यांदाच मिळत होता. त्याच क्यूबाच्या टीव्हीवर तो लागायला मात्र २००७ साल उजाडलं. आणि दिएगोच्या त्या पडक्या हवेलीत १९९६ पासून एक नावाजलेलं रेस्टॉरंट आहे, गुहा याच नावाचं. पर्यटक तिथे जेवायला जातात. यावर काय बोलावं!

मी तर चाटच पडले. ज्यांनी दिएगोला घालवलं त्यांनीच दिएगोचा सिनेमा काढला? का? माफी म्हणून? की देखावा म्हणून? भाचीनं मला वाचायला दिलेल्या कागदांनी गोंधळ कमी व्हायच्या ऐवजी वाढवला. १९६५ ते १९६८ या काळात कामागुएय प्रांतात श्रमछावण्या होत्या. सक्तीच्या लष्करी सेवेच्या नावाखाली तिथे यहोवाचे साक्षीदार, पाद्री, 'बिघडलेली' पोरं आणि समलिंगी पुरुष ऊस तोडायला पाठवले जात. गायक पाब्लो मिलानेसही तिथे होता, जो पुढे क्रांतीचाच लाडका गायक झाला. १९७१ च्या शिक्षण आणि संस्कृती परिषदेनं ठरवलं की समलिंगी माणसांचा तरुणांवर प्रभाव पडता कामा नये, म्हणजे शाळा, नाटक, परदेश दौरे सगळं बंद. सिनेमात यातलं काही थेट दाखवलेलं नाही. छावणी नाही, पोलीस नाही, तुरुंग नाही. आहे फक्त एक कडवा मित्र आणि एक अडवलेलं प्रदर्शन. मला आधी याचा राग आला. एवढं गोड करून कशाला सांगायचं?

त्यात आणखी एक गोष्ट कळली, आणि ती मला कुठल्याही पटकथेपेक्षा मोठी वाटते. नेस्तोर आल्मेंद्रोस नावाचा छायाचित्रकार. त्रूफोचे सिनेमे त्यानं टिपले, हॉलिवूडमध्ये ऑस्कर मिळवलं. तो आणि आलेआ तरुणपणी हवानात मित्र. दोघांनी मिळून १९५० साली काफ्काच्या गोष्टीवर एक छोटा सिनेमाही केला होता. क्रांतीनंतर आल्मेंद्रोस देश सोडून गेला, आलेआ राहिला. १९८४ साली आल्मेंद्रोसनं ओर्लांदो हिमेनेस लेआलबरोबर 'गैरवर्तन' नावाचा माहितीपट काढला. क्यूबातून निसटलेली माणसं एकेक करून कॅमेऱ्यासमोर बसतात आणि छावण्यांबद्दल, धाडींबद्दल बोलतात. आलेआ त्यावर भडकला, न्यूयॉर्कच्या एका साप्ताहिकात दोघांचा जाहीर वाद झाला. आल्मेंद्रोस १९९२ साली वारला. पुढच्याच वर्षी आलेआनं 'स्ट्रॉबेरी आणि चॉकलेट' पुरा केला, ज्यात एक मित्र जातो आणि एक राहतो. दिएगो आणि दाविद म्हणजे हेच दोघे, असं मी म्हणत नाही. पण मिठीचा तो प्रसंग मी आता तसाच बघते, मला दुसरा बघताच येत नाही.

भाचीला मात्र त्या मिठीत काही विशेष वाटत नाही. ती म्हणते, "मावशी, अख्ख्या सिनेमात दिएगोचं कुणी साधं चुंबन घेतं का? बिछाना दाखवलाय तो दाविद आणि त्या शेजारीण नान्सीचा. दिएगो सगळ्यांचा गुरू, सगळ्यांचा मित्र, आणि स्वतः उपाशी." हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी बिछान्याची वाट बघत नव्हते हे एक, आणि दुसरं म्हणजे नान्सी मला आवडली होती: मोहल्ला समितीत पाळत ठेवायची जबाबदारी तिच्यावर, आणि काळ्या बाजारातला मालही तीच विकते.

दुसरा सिनेमा पूर्व जर्मनीचा, 'कमिंग आउट', हायनर कारोचा. हाही सरकारी, डेफा स्टुडिओचा. तो बघताना मी कमी गोंधळले, कारण नायक फिलिप मास्तर आहे. वर्गात मुलांना वाङ्मय शिकवतो, तान्या या सहकारी शिक्षिकेशी त्याचं जमतं, तिला दिवस जातात, आणि मग माथियास नावाचा मुलगा त्याच्या आयुष्यात येतो. माथियासची ओळख आपल्याला पहिल्याच प्रसंगात झालेली असते. नववर्षाची रात्र, बाहेर फटाके, रुग्णवाहिका, आणि इस्पितळात नळी घालून त्याचं पोट धुतलं जातंय. गोळ्या घेतलेल्या. का, ते तो रडत डॉक्टरीणबाईंना सांगतो. त्या त्याच्या केसांवरून हात फिरवतात. सिनेमाची ही सुरुवात! मी उठून जाणार होते, पण दामूकाका मध्ये बसले होते.

या सिनेमात काही लपवलेलं नाही. प्रेन्झलाउअर बेर्ग भागातल्या खऱ्याखुऱ्या गे दारूगुत्त्यांत तो चित्रित झाला आहे, गर्दीतली माणसंही तिथलीच. गल्ल्यामागे जुन्या वस्तूंचं संग्रहालय उभारणारी शार्लोट फॉन माल्सडॉर्फ स्वतः उभी. आणि दोन पुरुषांचं प्रेम जसं आहे तसं, घाई न करता दाखवलेलं. मी खाली बघितलं नाही, एवढं सांगते.

दामूकाका हलले ते वाल्टरच्या प्रसंगाला. वाल्टर हा गुत्त्यातला म्हातारा. तो फिलिपला सांगतो की नाझींच्या काळात आपल्या जोडीदाराला आपल्यापासून तोडलं, आपण छळछावणीत गेलो, तिथे कम्युनिस्टांनी आपल्याला जगवलं. मग आपणही पक्षात गेलो, राबराब राबलो, माणसानं माणसाला पिळणं बंद केलं. शेजारी काम करणारा ज्यू आहे की आणखी कोण, हे विचारायचं राहिलं नाही. आणि मग तो म्हणतो की समलिंगी तेवढे आम्ही विसरलो. शत्रूनं केलेला आरोप असा येत नाही. हा घरातल्या म्हाताऱ्यानं, पक्षाचं कार्ड खिशात असलेल्यानं, काढलेला उसासा आहे. काका पुढे वाकून बसले होते. संपल्यावर त्यांनी पहिली गोष्ट विचारली ती कायद्याची, कारण काका युनियनचे, त्यांना कलमं कळतात.

कायदा ऐकून काका खूश झाले. समलिंगी पुरुषांना शिक्षा करणारं, नाझींनी कडक केलेलं कलम १७५ पूर्व जर्मनीनं १९६८ च्या दंडसंहितेतून काढून टाकलं, पश्चिमेच्या वर्षभर आधी. फक्त संमतीचं वय वेगळं ठेवलं, तेही सर्वोच्च न्यायालयाच्या १९८७ च्या निकालानंतर गेलं. हंगेरीनं आणि चेकोस्लोवाकियानं १९६१ सालीच गुन्हा रद्द केला. "आणि आपण?" काका म्हणाले. आपण ६ सप्टेंबर २०१८. भाचीनं लगेच रशिया काढला: झारचा कायदा बोल्शेविकांनी टाकून दिला, १९२२ च्या संहितेत हा गुन्हाच नव्हता, आणि स्तालिननं तो १९३४ साली परत आणला, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. 'द कलर ऑफ पॉमग्रनेट्स' बनवणारा पाराजानोव्ह १९७३ साली याच कलमाखाली आत गेला आणि चार वर्षांनी सुटला. कलम गेलं १९९३ साली, सोव्हिएत संघच गेल्यावर. म्हणजे माझ्या वहीच्या कव्हरवर ट्रॅक्टरवाली बाई हसत होती त्या वर्षांत ते लागूच होतं. काका गप्प झाले नाहीत, ते म्हणाले, "स्तालिननं बरंच काय काय आणलं परत." हे वाक्य त्यांनी अण्णांसमोर कधी काढलं नसतं.

मला कायद्यापेक्षा फिलिपच्या घराचं कोडं पडलं. गुन्हा नाही, पोलीस येत नाहीत, तरी माणूस का चोरासारखा वागतो? तान्याला खरं सांगत नाही, माथियासला तर रस्त्यात भेटल्यावर ओळखही नीट देत नाही. त्याला अडवणारं सरकार कुठे दिसतच नाही. दिसते ती आई, सासुरवाडीसारखी शाळा आणि त्याची स्वतःची भीती. शेवटी मुख्याध्यापिका आणि तपासणीचे लोक वर्गात मागे बसतात. मला तपासणीचा तो बाक चांगला ठाऊक आहे. फिलिप काही शिकवत नाही, खिडकीत बसून राहतो. बाई त्याच्या नावानं ओरडतात आणि तो एकच शब्द बोलतो, होकाराचा. मी मनात म्हटलं, नोकरी गेली. भाची म्हणाली, नाही, सुटला.

या सिनेमाचा पहिला खेळ पूर्व बर्लिनच्या किनो इंटरनॅशनलमध्ये झाला ९ नोव्हेंबर १९८९ च्या संध्याकाळी. त्याच रात्री भिंत उघडली. लोक सिनेमाबद्दल बोलत बाहेर पडले आणि शहराला दुसराच विषय मिळाला. कारोनं वर्षानुवर्षं परवानगीसाठी खेटे घातले होते. ज्या राज्याला हा सिनेमा ऐकवायचा होता ते राज्यच पुढच्या वर्षभरात उरलं नाही. बर्लिन महोत्सवात रुपेरी अस्वल मिळालं, ठीक आहे.

हंगेरीचा कारोय माक्क याचा १९८२ चा सिनेमा मी घरी लॅपटॉपवर पाहिला. त्यात दोन बायका आहेत. १९५८ साल, म्हणजे १९५६ चा उठाव चिरडल्यानंतरचं. एवा वार्ताहर आहे, शेतं जबरदस्तीनं सामुदायिक करताना काय झालं ते लिहिते, छापलं जात नाही. ऑफिसातल्या विवाहित लिवियावर तिचं प्रेम बसतं. लिवियाचा नवरा लष्करी अधिकारी, तो लिवियालाच गोळी घालतो. एवा बर्फातल्या सरहद्दीकडे चालत जाते आणि मारली जाते; हे आपल्याला सुरुवातीलाच दाखवलेलं असतं. नायिका दोघीही पोलंडच्या, आवाज हंगेरियन भरलेला, आणि एवा झालेल्या यादविगा यान्कोव्स्का-चेश्लाकला कानला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं पारितोषिक मिळालं. एवाच्या बाबतीत खोटं न लिहिणं आणि खोटं न जगणं या दोन गोष्टी वेगळ्या करताच येत नाहीत. मला हा तिन्हींत थोर वाटतो, पण त्याबद्दल जास्त लिहिता येत नाही. पुन्हा बघायची हिंमत झालेली नाही.

नंतर भाचीनं राजवटी गेल्यावर किंवा देशाबाहेर काढलेले सिनेमेही दिले. पोलंडचा 'हियाचिंत', २०२१ चा. पोलंडमध्ये १९३२ पासून समलिंगी असणं हा गुन्हाच नाही, तरी १९८५ च्या नोव्हेंबरात पोलिसांनी देशभर धरपकड सुरू केली आणि सुमारे अकरा हजार माणसांच्या फायली तयार केल्या. सिनेमा त्या मोहिमेतल्या तरुण पोलिसाचा, उत्कंठेचा, रात्रीच्या अंधारातला. आणि 'बिफोर नाइट फॉल्स', २००० चा, न्यूयॉर्कचा चित्रकार जूलियन श्नाबेलनं काढलेला, क्यूबन लेखक रेनाल्दो अरेनासवर. तो मी मुद्दाम पाहिला, दिएगोचं पुढे काय झालं असेल ते कळावं म्हणून. 'स्ट्रॉबेरी आणि चॉकलेट'ची गोष्ट १९७९ ची. १९८० च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मारिएल बंदरातून सव्वा लाख माणसं नावांत बसून अमेरिकेला गेली, त्यांत समलिंगी पुष्कळ, कारण आपण तसे आहोत हे पोलिसांपुढे कबूल केलं की जायची परवानगी मिळे. अरेनास तसाच गेला. लेखक म्हणून त्याला सोडलं नसतं, म्हणून त्यानं कागदावर आडनावातलं एक अक्षर बदललं. न्यूयॉर्कमध्ये एड्स, विम्याचे वांधे, आणि १९९० साली सत्तेचाळीसाव्या वर्षी आत्महत्या. हाविएर बार्देमनं काम असं केलंय की दोन दिवस मला नीट जेवण गेलं नाही.

हे नंतरचे सिनेमे बघायला सोपे आहेत, हे म्हणताना मला संकोच होतो, पण तसंच आहे. त्यात मार आहे, तुरुंग आहे, रडू जास्त येतं. पण बघणाऱ्यावर त्यांत आरोप नाही. वाईट वागणारे ते, आपण खुर्चीत. कोपेलियासमोरच्या यारा थिएटरात १९९३-९४ साली बसलेला माणूस कोण असेल? ज्यानं कुणाला तरी हसून हिणवलं असेल, कुणाविरुद्ध समितीत दोन शब्द सांगितले असतील, किंवा काहीच न बोलता शेजार बदलला असेल. आलेआ त्याच्याशी बोलतोय. म्हणून छावणी नाही आणि आईस्क्रीम आहे. छावणी दाखवली असती तर तो माणूस म्हणाला असता, मी कुठे छावणी चालवत होतो? आईस्क्रीमच्या टेबलावरून मात्र तो उठून गेलेला आहे.

आणि याच कारणानं हे सिनेमे मला अर्धवटही वाटतात. दिएगोची गोष्ट दाविदच्या डोळ्यांनी. शिकतो दाविद, मोठा होतो दाविद, परीक्षेला बसलेला दाविद, आणि पास झाल्याची मिठी त्याचीच. दिएगोच्या हातात विमानाचं तिकीट. आपल्याकडे तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट'मध्ये असंच आहे: मित्रा या मुलीचं दुसऱ्या मुलीवरचं प्रेम आपण ऐकतो ते बापूच्या तोंडून, आणि मित्रा मरते. ते नाटक १९८१ चं. सरळमार्गी मित्राला मध्ये घेतल्याशिवाय प्रेक्षकाला त्या घरात शिरताच येत नसावं, हवानात नाही आणि मुंबई-पुण्यातही नाही. कारो मात्र अपवाद, त्याचा फिलिप आपली गोष्ट आपणच जगतो.

आमच्या चाळीत एक विणकर होता. नाव लिहीत नाही. युनियनचा जुना सभासद, वर्गणी वेळेवर, मोर्चात पुढे. बायकांसारखा चालतो म्हणून पोरं मागे लागायची, मोठी माणसं हसायची. त्याला युनियननं कधी काढलं नाही. सभेत त्याच्या शेजारची सतरंजी मात्र रिकामी असे, आणि ते मी लहानपणी बघितलंय, अण्णा आणि दामूकाका व्यासपीठावर असताना. त्या दिवशीच्या चहाच्या वेळी काकांना कोण आठवलं असेल याचा अंदाज मला आहे. विचारलं नाही अजून.

फिदेल कास्त्रोनं २०१० साली एका मेक्सिकन वृत्तपत्राला सांगितलं की त्या काळातल्या छळाची जबाबदारी माझी. २५ सप्टेंबर २०२२ ला क्यूबात सार्वमत झालं, सुमारे दोनतृतीयांश मतं नव्या कुटुंबसंहितेच्या बाजूनं पडली आणि समलिंगी लग्नं कायदेशीर झाली. काकांनी हे कात्रण काढून ठेवलंय. "बघ, झाली की नाही सुधारणा? सिनेमा सरकारनंच काढला, कायदा सरकारनंच केला." भाची म्हणते, छावणीही सरकारचीच. दोघांची जुंपते आणि मी मध्ये बसते, दिएगोची बाजू घेऊन, जी या दोघांपैकी कुणाचीच नाही. त्याला लग्नही नको होतं आणि माफीही. त्याला त्याच गावात, त्याच खोलीत राहून मास्तरकी करायची होती.

पुढच्या वेळी चीनचा सिनेमा आहे, चँग युआनचा 'ईस्ट पॅलेस, वेस्ट पॅलेस', १९९६ चा. बीजिंगच्या बागेत पोलीस एका समलिंगी लेखकाला पकडतो आणि रात्रभर त्याची उलटतपासणी चालते. १९९७ साली तो कानला गेला तेव्हा चीन सरकारनं दिग्दर्शकाचा पासपोर्ट काढून घेतला होता. काकांनी विचारलंय, भारतीय बैठक असेल की खुर्च्या, कारण गुडघे दुखतात. खुर्च्या आहेत म्हटलं. येतो म्हणाले.